वन्संचा टाका

त्या दिवशी सकाळी मी आमच्या ह्यांच्याशी कांद्यांवरून भांडत होते. लोणंदच्या बाजारातून कुणाच्या तरी गाडीत त्यांनी पोतंभर कांदे मागवले होते आणि दोन माणसांच्या संसाराला एवढे कांदे कशाला, हा माझा साधा प्रश्न होता. तेवढ्यात दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. फौजेतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. स्वतःहून फोन करणं त्यांच्या स्वभावातच नाही. म्हणून स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं तशी मी कांद्यांचं भांडण तिथंच सोडलं. "वैनी, शालन गेली," ते म्हणाले. मग, "झोपंतच..." फोन तसाच चालू राहिला. पलीकडून अंगणातली माणसं, कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं. गॅसवरचं दूध वर आलं तशी मी हात लांब करून गॅस बंद केला. दूध उतू जाऊ दिलं नाही. इतकं भान मला कसं राहिलं, याचा अजूनही राग येतो.

आधी मला रडू आलं नाही. आधी आठवलं ते पातळ. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं पातळ माहेरचं लागतं, आणि ते भावानं आणायचं असतं. वन्संचं माहेर म्हणजे आता आम्हीच, सांगलीतलं हे तीन खोल्यांचं घर. त्या पातळाबद्दल वन्संनी मला एक काम सांगून ठेवलं होतं. "माज्या शेवटच्या पातळाला फॉल लाव गं मंगल. हातानं. मशीन मारून आणलंस तर उठून बसंन." हे त्या चारचौघांत हसत सांगायच्या आणि चारचौघं हसायचे. एकदाच, आमच्या स्वयंपाकघरात दोघीच असताना, त्यांनी न हसता सांगितलं. तेव्हा मी त्यांच्या हातावर हात ठेवून 'लावीन' म्हणाले होते.

सुईचं बारीक काम करणारी बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर एक मवाळ, खालमानेची बाई येते. वन्सं तशा अजिबात नव्हत्या. औंधच्या अलीकडं त्यांचं गाव, आणि त्यांनी दारातून हाक मारली की ती उसाच्या फडातल्या माणसाला ऐकू जायची. माझं लग्न झाल्यावर त्यांनी माझ्या पोळीला, माझ्या चालण्याला, माझ्या सांगलीकडच्या बोलण्याला मोठमोठ्यानं नावं ठेवली, आणि पहिल्या दिवाळीला माझ्या सगळ्या साड्यांना गुपचूप फॉल लावून पाठवले. त्यांच्या सगळ्या अस्तित्वात शांत अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांचा टाका. दाजींच्या नोकरीपायी काही वर्षं त्या जालंधरला क्वार्टरात राहिल्या. तिथं कुठल्याशा जवानाच्या बायकोनं त्यांना वर्दीच्या पँटीची खालची दुमड हातानं शिवायला शिकवलं. आमच्याकडं बायका त्याला हेमिंग म्हणतात. वन्सं मात्र तिकडून आणलेला 'तुरपाई' हाच शब्द शेवटपर्यंत वापरत राहिल्या, आणि तोही असा की जणू तो आपल्याच गावात जन्मला आहे.

तो टाका मला त्यांनी किती वेळा दाखवला असेल... कापडाची कड दुमडायची, सुई दुमडीच्या आतून चालवायची आणि समोरच्या कापडाचा एकच धागा उचलायचा. दोन उचलले की बाहेरून टिंब दिसतं. दोरा ओढायचा, पण कापडाला कळता कामा नये. सुरुवातीला गाठ मारायची नाही, जागच्या जागी बारीक उलटे टाके घ्यायचे. फॉलची पट्टी आधी पाण्यातून काढायची, वाळवायची, मगच साडीला धरायची, नाहीतर पहिल्या धुण्याला पट्टी आटते आणि साडीला चुण्या पडतात. गावातल्या, वाड्यावस्त्यांवरच्या बायका त्यांच्याकडं साड्या आणायच्या आणि घरी जाऊन कड उन्हात धरून टाका शोधायच्या. कुणाला सापडला की वन्संना दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला. साखर आधीपासून होतीच. त्यांनी हळद भरली, चिंधी बांधली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगलीला आणलं तोवर उशीर झाला होता. अंगठ्याजवळची दोन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाय दुखतो म्हणून तक्रार केली नाही. त्यांनी विचारलं, "जोडवं कशात घालू गं आता?" जोडव्याचं बोटच गेलं होतं. दाजी खाटेच्या पायथ्याशी उभे होते, ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. वन्संना मरणाची भीती वाटत नव्हती. आपल्याला कुणी ओटी भरायला बोलावणार नाही, हळदीकुंकवाला आपल्या पायाकडं बघून बायका एकमेकींना खुणावतील, याची वाटत होती. कुणी काही बोललं नसतं, असं मी शंभरदा सांगितलं. "तुजी सांगली, तुला काय म्हाईत," असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. पाय बरा होईस्तोवर त्या आमच्याकडंच राहिल्या. बसल्या बसल्या करणार काय, म्हणून मला फॉल लावायला शिकवलं. मी पहिलाच फॉल साडीच्या वरच्या काठाला लावला. तो पाहून वन्सं इतक्या हसल्या की पायाची जखम ठणकायला लागली. "कमरंला वजन बांधून हिंडणार हाईस व्हय गं?" दवाखान्यातून आल्यापासूनचं त्यांचं ते पहिलं हसू होतं.

गावाकडं परत गेल्या त्या मोजे घालूनच. टाचांना भेगा पडल्यात, डॉक्टरनं मोजे घालायला सांगितलंय, असं सगळ्यांना सांगितलं. डाव्या मोज्यात रिकाम्या जागी कापूस भरून तो आतून टाके घालून बसवलेला. आणि जोडवं? ते त्यांनी साडीच्या फॉलात ठेवलं. रोज सकाळी अंघोळ झाली की कालच्या साडीतून काढायचं, आजच्या साडीच्या फॉलात, डाव्या पायावर येईल अशा बेतानं सरकवायचं आणि वरून चार टाके घालायचे. बघणाऱ्याला वाटायचं, बाई फॉल दुरुस्त करतेय. हे दाजींना ठाऊक होतं, त्यांचा मुलगा विकास याला ठाऊक होतं आणि मला. बाकी गावाला पायाचं काही कळलेलं नाही, याचा वन्संना फार अभिमान होता.

त्यांचं दुसरं दुःख म्हणजे हौसाक्का. त्यांच्या चुलत जाऊबाई. दोघींची घरं समोरासमोर, मधलं शहाबादी फरशीचं अंगण सामाईक, न्हाणीही सामाईक. शेताच्या बांधावरून कधीतरी भांडण झालं होतं ते मिटलं, पण पाय बरा होऊन वन्सं गावी आल्यावर नवंच सुरू झालं. वन्सं अंघोळ करून अंगणातून आपल्या घरात गेल्या रे गेल्या की हौसाक्का बादली घेऊन यायच्या आणि त्यांच्या मागं फरशीवर पाणी मारून खराट्यानं झाडायच्या. रोज. वन्सं दारात उभं राहून तोंड सोडायच्या, हौसाक्का उलट उत्तर द्यायच्या, आणि पुढं पुढं बोलणंच बंद झालं. दर फोनवर मला हेच ऐकावं लागायचं. "माजी पावलं सुदिक चालत न्हाईत तिला. जणू मी इटाळ करून जाते अंगणात." मी म्हणायची, जाऊ द्या हो वन्सं. पण त्यांचं जात नव्हतं. त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यातल्या फोनवरही तेच होतं, आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या होत्या, "तिला यकदा इचारणार हाय मी, माज्या पावलांनी तुजं काय घोडं मारलंय."

तर त्या सकाळी, आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराला हाक मारून दुकान उघडायला लावलं. हिरवं पातळ घेतलं आणि त्याच रंगाचा फॉल. घरी येऊन मी फॉल बादलीत बुडवला. हे म्हणाले, "अगं, आता कशाला? ती साडी काय पुन्हा धुवायची आहे?" मग त्यांचं त्यांनाच ते वाक्य लागलं असावं, ते तिथंच खुर्चीवर बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. थोरली बहीण होती त्यांची. मी ओला फॉल पिळून घेतला आणि आम्ही निघालो. तासगाव मागं पडेपर्यंत मी तो गाडीच्या खिडकीतून बाहेर धरून बसले होते, वाऱ्यावर वाळावा म्हणून. माणसं वळून बघत होती. विटा सोडलं आणि मी सुई ओवली. पुसेसावळीपर्यंत, खड्ड्यांतून, हिसक्यांतून, मी डोळे पुसत फॉल लावत राहिले. गावात पोचलो तेव्हा शेवटचा टाका घालून दोरा तोडला होता आणि मला वाटलं होतं, निदान एवढं तरी झालं.

मधल्या खोलीत वन्संना जमिनीवर निजवलं होतं. पायात मोजे होते. दाजी उशाशी बसले होते. विकास आसामातून विमानानं पुण्याला उतरून येणार होता; तो आला की न्यायचं ठरलं होतं. दिवस कलता तो जवळ आल्याचा फोन आला, तेव्हा तोवर अंघोळ घालून घ्या, असं बाहेरून कुणीतरी सांगितलं. दाजी उठून बाहेर गेले, मी तिथंच एका बाजूला पातळ उलगडून पसरलं. फॉल वरच्या काठाला लागला होता. त्या वर्षी केलेली तीच चूक, तस्सीच. गाडीत मांडीवर घडी घेऊन शिवताना खालचं-वरचं कळलंच नव्हतं. सवाष्णीला मोजे घालून नेत नाहीत. तसंच नेसवलं तर खालचा काठ हलका राहणार, उचलताना वर सरकणार, आणि दर्शनाला येणारं सगळं गाव वन्संचा पाय बघणार. इतकी वर्षं त्यांनी जिवापाड झाकलेला पाय...

तेवढ्यात हौसाक्का आत आल्या. पाठोपाठ भावकीतल्या दोघी-तिघी पाण्याची भांडी घेऊन. वन्संच्या अंगाला हौसाक्कांनी हात लावावा, हे मला त्या घडीलाही सहन होईना. मी म्हणाले, "मोजे राहू द्या. बाकी घालू अंघोळ." एक बाई म्हणाली, "मोज्यासकट कुठं घालत्यात व्हय?" हौसाक्कांनी तिच्याकडं वळून पाहिलं. "तुमी समद्या भाईर थांबा," त्या म्हणाल्या. "मी आन् मंगल करतो." बायका कुरकुरत गेल्या. हौसाक्कांनी दाराला कडी घातली, वन्संच्या पायाशी बसल्या आणि आधी डाव्या पायाचाच मोजा हळूच काढला. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. कापूस बाजूला ठेवून त्यांनी तो पाय मांडीवर घेतला आणि कोमट पाण्यानं धुवायला लागल्या.

धुता धुता त्या बोलल्या. "न्हाणीतनं येताना मोजं नसायचं तिच्या पायात. वला पाय उमटतो गं बाई फरशीवर. तीन बोटांचा. पयल्यांदा बघितला तवा वाटलं, माजंच डोळं गेलं. मग रोज दिसाय लागला. सकाळच्या पारी अंगणातनं माणसांची येजा, दुधाला येणाऱ्या बाया... कुणी बघाय नगं म्हून पाणी मारायची मी."

"मग त्यांना सांगितलं का नाही हो?"

"काय सांगू? मला ठावं झालंय म्हून सांगू? मरस्तवर माज्यासमोर मान खाली घालून चालली असती ती." त्यांनी वन्संच्या पायावर तांब्या ओतला. "त्यापरास भांडलेली बरी."

मला त्या क्षणी वन्संना गदागदा हलवून उठवावंसं वाटलं. उठा, ऐका, ही काय म्हणतेय ते ऐका. तुम्ही विचारणार होता ना, विचारा आता... आठवडाभर आधी विचारलं असतं तर. माझा सगळा बांध तिथं फुटला आणि हौसाक्कांनी मला रडू दिलं. मग वन्संच्या अंगावरची साडी उतरवली तशी मी तिचा खालचा काठ बोटांनी चाचपत गेले. जोडवं सापडलं. मी चार टाके उसवून ते बाहेर काढलं. "ह्ये काय गं?" हौसाक्कांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, मूठ मिटली आणि ती मूठ कपाळाला लावून बसल्या. "मला ह्ये न्हवतं ठावं," त्या म्हणाल्या. आणि इतका वेळ कोरडी राहिलेली ती बाई हंबरडा फोडून रडली. बाहेर बायकांना वाटलं असेल, बघा, जितेपणी उभा दावा, आणि आता रडते.

अंघोळ झाली. वन्संच्या अंगावर धुतलेली चादर घातली. मी फॉलाचं टोक सोडवून दोरा ओढला. गाठ नव्हती म्हणून तो बराचसा सरसर निघून आला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला, विकास आला होता. दार वाजलं. हौसाक्का आतूनच म्हणाल्या, "दम धरा. पातळ तयार न्हाई."

"पातळाला तयार काय करायचंय आता?" कुणीतरी पुरुष चिडून म्हणाला.

"तुला न्हाई कळायचं. बस तिथं."

मग वन्संना मध्ये ठेवून आम्ही दोघी बसलो. हौसाक्कांनी काठ ताणून धरला, मी शिवत गेले. वन्संचीच सुई, कॅलेंडरच्या दोरीला टोचून ठेवलेली. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. कुठं दोन धागे उचलले जात होते, कुठं तीन. हिरव्या काठावर टिंबं उमटत होती. हौसाक्कांनी विचारलं, "दिसत्यात का गं टाके?" मी म्हणाले, "दिसतात." त्या म्हणाल्या, "दिसू देत." पण डाव्या पायावर जिथं काठ येणार होता तिथं मी डोळे कोरडे करून घेतले, जोडवं पट्टीच्या आत सरकवलं आणि वरून एकेकच धागा उचलत शिवलं. ते टाके वन्संनाही सापडले नसते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आयुष्यात तेवढंच एक काम मला त्यांच्यासारखं जमलं.

पातळ नेसवलं. उजव्या पायात जोडवं बोटात, डाव्या पायाचं काठात. हौसाक्कांनी मळवट भरला. दार उघडलं तसा विकास आत आला आणि आईच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून पडून राहिला. मागोमाग गाव आलं. बायका वाकून पायांवरच्या काठाला हात लावत होत्या, अहेवपणी गेली म्हणून काठावर वाहिलेलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावत होत्या. उचलताना माझं लक्ष कशातच नव्हतं, फक्त त्या काठात होतं. तो हलला नाही. वळणावर गर्दीआड जाईपर्यंत हिरवा काठ सरळ खाली पडलेला दिसत होता आणि मी उंबऱ्यात उभी राहून तेवढाच बघत होते.

गेल्या आठवड्यात महिना घालायला आम्ही पुन्हा गेलो. वन्संच्या खिडकीत लोकांच्या साड्या तशाच घडी करून ठेवलेल्या होत्या. एका जांभळ्या साडीचा फॉल अर्धा झाला होता. मी तो पुरा करायला घेतला. आतून बघितलं की त्यांचा टाका कुठं थांबला आणि माझा कुठं सुरू झाला ते आंधळ्यालाही कळेल. तिथं पोचल्यावर मी बराच वेळ सुई पुढं नेऊ शकले नाही. मला त्यांची फार आठवण येते. नावं ठेवणारं माझं माणूस गेलं. आता माझ्या पोळ्यांना सगळे चांगलंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीतून निघाले, चपला घरात राहिल्या होत्या, तशीच अनवाणी अंगण ओलांडून वन्संच्या दारात आले. मागं बादलीची कडी वाजली म्हणून वळून पाहिलं. हौसाक्का भरलेली बादली आणि खराटा घेऊन उभ्या होत्या. फरशीवर माझी ओली पावलं उमटली होती, पाची बोटांची. त्या त्यांच्याकडं बघत होत्या. "सवयीनं भरली गं," त्या म्हणाल्या आणि बादली तिथंच खाली ठेवली. पाणी मारलं नाही. मी पायरीवर बसले, त्याही येऊन शेजारी बसल्या. नुकतं ऊन आलं होतं. माझी पावलं वाळायला लागली, आणि आधी बोटं वाळली, मग टाचा. बोटं आधी वाळतात हे मला माहीत नव्हतं. हौसाक्कांना माहीत होतं.